गट मायक्रोबायोम म्हणजे काय? पोटातल्या जिवाणूंचे काम, पुरावे आणि पोकळ दावे

‘तुमचे सगळे आजार पोटातून सुरू होतात’, ‘ही एक पावडर घ्या आणि गट हेल्थ सुधारा’ असे व्हिडिओ रोज मोबाइलवर दिसतात. त्यातला ‘गट’ हा मराठी गट नव्हे. तो आतड्यांसाठीचा इंग्रजी शब्द. आतड्यांत कायम वस्ती करून राहणारे जिवाणू, बुरशी, विषाणू आणि इतर सूक्ष्मजीव, त्यांच्या जनुकांसह, म्हणजे गट मायक्रोबायोम. मराठीत त्याला आतड्यांतील सूक्ष्मजीवसृष्टी म्हणता येईल.

ही सृष्टी खरी आहे आणि आरोग्यासाठी महत्त्वाचीही आहे. मात्र तिच्याबद्दल जे सिद्ध झाले आहे आणि तिच्या नावावर जे विकले जाते, त्यात मोठे अंतर आहे. आजवरच्या संशोधनाचा सामान्य माणसासाठी निष्कर्ष साधा आहे. या जिवाणूंसाठी बाजारातून काय विकत आणतो, यापेक्षा त्यांना रोज काय खायला घालतो आणि गरज नसताना औषधांनी त्यांना किती मारतो, याचा परिणाम जास्त होतो.

पोटात जिवाणू किती असतात?

‘शरीरात आपल्या पेशींपेक्षा दहापट जिवाणू आहेत’ हे वाक्य अनेक वर्षे पुस्तकांतही छापले जात होते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 2016 मध्ये हा हिशेब नव्याने मांडला. सुमारे 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू आणि 30 लाख कोटी मानवी पेशी असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे प्रमाण जवळपास बरोबरीचे आहे. या सगळ्या जिवाणूंचे एकत्रित वजन साधारण 200 ग्रॅम भरते. ‘पोटात दोन किलो जिवाणू असतात’ हा दावाही त्यामुळे टिकत नाही.

हे जिवाणू पचनमार्गात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. जठरात तीव्र आम्ल असल्याने तिथे फार थोडे जगतात. लहान आतड्यात संख्या वाढत जाते आणि खरी दाट वस्ती मोठ्या आतड्यात असते. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जाती तिथे फोफावतात. त्यातल्या अनेक जाती प्रयोगशाळेतल्या उघड्या बशीत वाढत नाहीत. म्हणून त्यांचा अभ्यास बरीच वर्षे रखडला होता.

हा शोध कसा लागला?

दातांवरच्या किटाणात वळवळणारे सूक्ष्म जीव डच कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने सतराव्या शतकात स्वतः बनवलेल्या भिंगातून पाहिले. त्याचे वर्णन त्याने 1683 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पुढे 1885 मध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने बाळांच्या शौचातून एक जिवाणू वेगळा केला. तोच आज ई. कोलाय म्हणून ओळखला जातो.

‘चांगले जिवाणू’ ही कल्पना लोकांपर्यंत नेली ती इल्या मेचनिकोव्ह यांनी. प्रतिकारशक्तीवरील कामासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. बल्गेरियातील खेडुतांचे दीर्घायुष्य त्यांच्या आंबट दह्यात आहे, असे त्यांचे मत होते. हे मत पुढे सिद्ध झाले नाही, पण आजच्या प्रोबायोटिक व्यवसायाचे मूळ तिथे आहे.

खरी गती आली ती जनुकीय तपासणी स्वस्त झाल्यावर. जिवाणू बशीत वाढवण्याची गरज उरली नाही. शौचाच्या नमुन्यातील डीएनए वाचून कोण कोण आहे ते कळू लागले. अमेरिकेने 2007 मध्ये ‘ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याचे मुख्य निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून एक गोष्ट पुढे आली: दोन निरोगी माणसांच्या पोटातील जिवाणूंची यादी एकमेकांपेक्षा खूप वेगळी असू शकते. ‘आदर्श मायक्रोबायोम’ असा एकच नमुना सापडलेला नाही.

हे जिवाणू नेमके काय करतात?

*चोथा पचवतात.* धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या, फळे यांतील तंतुमय भाग पचवणारी पाचक द्रव्ये माणसाच्या शरीरात नाहीत. हा भाग तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू त्यातल्या बऱ्याच भागाला आंबवतात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची आम्ले तयार होतात. त्यातले ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. म्हणजे आतड्याची आतली भिंत पोसली जाते ती बऱ्याच अंशी जिवाणूंनी बनवलेल्या अन्नावर.

*जागा अडवतात.* नेहमीचे जिवाणू अन्न आणि जागा व्यापून बसलेले असल्याने बाहेरून आलेल्या घातक जिवाणूंना सहज पाय रोवता येत नाहीत.

*प्रतिकारशक्तीला शिकवतात.* शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा आतड्यांच्या भिंतीत असतो. कोणावर हल्ला करायचा आणि कोणाला सोडायचे, याचा सराव तिथे होतो. पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ही यंत्रणा अर्धवट विकसित होते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

*जीवनसत्त्वे बनवतात, औषधे बदलतात.* के जीवनसत्त्वाचे काही प्रकार आणि काही बी जीवनसत्त्वे जिवाणू तयार करतात. काही औषधांवरही त्यांची प्रक्रिया होते. हृदयविकारातील डिगॉक्सिन हे औषध काहीजणांच्या पोटातील एगर्थेला लेंटा हा जिवाणू निष्क्रिय करतो. मोठ्या आतड्याच्या दाहावर दिले जाणारे सल्फासॅलाझिन तर जिवाणूंनी तोडल्यावरच काम करते.

सुरुवात जन्मापासून

बाळाला पहिले जिवाणू मुख्यतः जन्माच्या वेळी आणि त्यानंतर आईकडून मिळतात. नैसर्गिक प्रसूतीने आणि सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या पोटातील जिवाणूंत सुरुवातीच्या काही महिन्यांत फरक दिसतो. पुढे तो बराच कमी होतो. म्हणून सिझेरियन झाले तर अपराधी वाटण्याचे कारण नाही. आई आणि बाळाचा जीव वाचवणे ही पहिली गरज असते.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल ओलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात. बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंसाठी. म्हणजे आईचे दूध बाळाबरोबर बाळाच्या पोटातील जिवाणूंनाही पोसते. वरचे खाणे सुरू झाले की जाती वाढत जातात आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ही सृष्टी मोठ्यांसारखी दिसू लागते.

सर्वांत ठोस पुरावा: एक आजार आणि एक विचित्र उपचार

जिवाणूंचा समतोल बिघडला तर माणूस आजारी पडतो आणि तो परत बसवला तर बरा होतो, हे एका आजारात निःसंशय दिसले आहे. तो म्हणजे क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूचा संसर्ग. अँटिबायोटिकमुळे नेहमीचे जिवाणू मेले की या जिवाणूला मोकळे रान मिळते. तो विषद्रव्ये सोडतो आणि रुग्णाला तीव्र जुलाब होतात. वृद्ध आणि रुग्णालयात दाखल असलेल्यांमध्ये हा आजार जीवघेणा ठरू शकतो. त्यावरचे औषधही अँटिबायोटिकच असल्याने काही रुग्णांना तो पुन्हापुन्हा होतो.

अशा रुग्णांवर नेदरलँड्समध्ये एक चाचणी झाली आणि तिचे निकाल 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी माणसाच्या शौचातील जिवाणू द्रावणातून, नळीद्वारे रुग्णाच्या आतड्यात सोडले गेले. अशा 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. उरलेल्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या वेळी बरे झाले. फक्त व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या 13 पैकी चारच रुग्ण बरे झाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 आणि 2023 मध्ये अशी दोन तयार औषधे मंजूर केली; त्यातले एक तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलच्या रूपात आहे.

हा घरगुती प्रयोगाचा विषय मात्र अजिबात नाही. दात्याच्या नमुन्यात औषधांना न जुमानणारा ई. कोलाय असल्याने अमेरिकेत एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि 2019 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याबाबत इशारा दिला. शिवाय हा उपचार मंजूर आहे तो या एका आजारासाठी. लठ्ठपणा, नैराश्य किंवा मधुमेहासाठी नाही.

अँटिबायोटिकची खरी किंमत

अँटिबायोटिक रोगजंतू आणि उपयोगी जिवाणू असा भेद करत नाही. डेन्मार्कमध्ये 12 निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जालीम अँटिबायोटिके देऊन पाहण्यात आले. दीड महिन्यात त्यांच्या पोटातील सृष्टी बरीचशी पूर्ववत झाली. पण आधी सर्वांत असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत.

भारतात हा प्रश्न रोजचा आहे. सर्दी, घसादुखी, साधा ताप किंवा जुलाब झाले की मेडिकलमधून ‘पाच गोळ्यांचा कोर्स’ आणणे किंवा घरात उरलेल्या गोळ्या घेणे सर्रास चालते. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नसतो. नुकसान तेवढे होते: पोटातील जिवाणू मरतात आणि औषधांना न जुमानणारे उरतात. कायद्याने अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची लाल उभी रेषा हेच सांगते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याची जनजागृती मोहीम 2016 मध्ये सुरू केली.

याचा अर्थ अँटिबायोटिक टाळावे असा मुळीच नाही. न्यूमोनिया, विषमज्वर, क्षयरोग, लघवीचा गंभीर संसर्ग यांत ते जीव वाचवते. ‘पोटातले चांगले जिवाणू मरतील’ म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच सोडणे धोक्याचे आहे.

प्रोबायोटिक खरेच काम करतात का?

पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केली. यातला ‘फायदा देणारे’ हा भाग कळीचा आहे. कोणता जिवाणू, किती, कोणाला आणि कोणत्या आजारात, यावर उत्तर बदलते.

ओडिशाच्या ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर एक चाचणी झाली. तिचे निकाल 2017 मध्ये आले. एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा पहिल्या आठवड्यात दिलेल्या बाळांमध्ये रक्तातील जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. हा मोठा फरक आहे.

याउलट अमेरिका आणि कॅनडात लहान मुलांच्या तीव्र जुलाबांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निकाल 2018 मध्ये आले, बाजारातील प्रसिद्ध प्रोबायोटिक आणि नुसती पावडर यांत फरक दिसला नाही. जुलाबांत मुलांचा जीव वाचवतात ते ओआरएस आणि झिंक. तिथे प्रोबायोटिकवर विसंबून ओआरएसला उशीर करणे घातक ठरू शकते.

‘अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घ्यावेच’ हा सल्लाही वाटतो तितका सरळ नाही. काही प्रकार अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कमी करू शकतात. पण वाइझमन संस्थेच्या 2018 मधील एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या पोटात मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. अतिदक्षता विभागातील किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या रुग्णांनी तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दही, ताक, इडली, लोणचे

घरच्या दह्यात आणि ताजे घुसळलेल्या ताकात जिवंत जिवाणू असतात. ते आतड्यांत कायमचे राहायला जात नाहीत, काही दिवसांत बाहेर पडतात. म्हणून रोजच्या जेवणात असले तर उपयोग. दुधातील लॅक्टोज दह्यात कमी झालेला असल्याने दूध न पचणाऱ्या अनेकांना दही चालते.

इडली, डोसा, ढोकळा यांचे पीठ आंबवलेले असते, पण वाफेवर किंवा तव्यावर जिवाणू मरतात. ताकाची कढी उकळली की तेच होते. हे पदार्थ आंबवल्यामुळे पचायला सोपे होतात, पण त्यांना प्रोबायोटिक म्हणता येत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक कैरी-लिंबाची लोणची मीठ, तेल आणि आम्लावर टिकतात. त्यात मीठही भरपूर असते, म्हणून ‘पोटासाठी लोणचे’ हा सल्ला बेताने घ्यावा.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 36 निरोगी प्रौढांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे भरपूर खाल्लेल्यांच्या पोटातील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाह दाखवणारी काही प्रथिने कमी झाली. अभ्यास छोटा आहे, पण दिशा आश्वासक आहे.

लठ्ठपणा, मन आणि मायक्रोबायोम

अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुळ्या बहिणींच्या अशा जोड्या निवडल्या गेल्या ज्यात एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ होती. त्यांचे जिवाणू जंतुमुक्त उंदरांना दिले गेले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. माणसांमध्ये मात्र जिवाणू बदलून वजन उतरवण्याचा भरवशाचा उपाय अजून हाती आलेला नाही.

‘90 टक्के सेरोटोनिन पोटात बनते, म्हणून आनंद पोटातून येतो’ हे वाक्यही खूप फिरते. पहिला भाग साधारण बरोबर आहे. पण आतड्यातील सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. ते मुख्यतः आतड्यांच्या हालचालीचे काम करते. आतडे आणि मेंदू यांचा संवाद मज्जातंतू, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांमार्फत होतो, हे खरे आहे. त्यावरून नैराश्याची औषधे सोडून प्रोबायोटिक घेणे मात्र चुकीचे आणि धोक्याचे आहे.

भारतीय पोट वेगळे आहे का?

जगातील बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतील लोकांवर झाले आहेत. भोपाळ आणि केरळमधील 110 निरोगी लोकांच्या 2019 मधील अभ्यासात, मुख्यतः शाकाहारी आहार असलेल्या भोपाळच्या गटात प्रिव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य आढळले. धान्य आणि वनस्पतिज आहारावर जगणाऱ्या समाजांत तो जास्त दिसतो. पुण्यातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेतही भारतीयांच्या मायक्रोबायोमवर संशोधन झाले आहे.

आहार आणि देश बदलला की ही सृष्टी बदलते. थायलंडमधून अमेरिकेतील मिनेसोटात गेलेल्या हमोंग आणि कारेन समाजातील स्त्रियांच्या अभ्यासात, स्थलांतरानंतर काही महिन्यांतच जिवाणूंची विविधता कमी होऊ लागली आणि प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्स घेऊ लागले, असे दिसले.

म्हणूनच शौचाचा नमुना पाठवून ‘गट स्कोअर’ देणाऱ्या तपासण्यांकडे सावधपणे पाहावे. निरोगी मायक्रोबायोमची सर्वमान्य मोजपट्टीच नसताना गुण कशाच्या तुलनेत दिले, हा प्रश्न उरतो. अशा अहवालावरून आहारातून पदार्थ वगळू नयेत.

मग करायचे काय?

- चोथा वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी रोज किमान 25 ग्रॅम तंतुमय घटक आणि 400 ग्रॅम भाज्या-फळे खावीत. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, मटकी-मूग-चवळीच्या उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे, पेरू यांतून हे सहज साधते.
- सावकाश वाढवा. एकदम वाढवल्यास गॅस आणि पोटफुगी होते. पाणीही पुरेसे प्या. ज्यांना कांदा, लसूण किंवा कडधान्यांनी नेहमी त्रास होतो, त्यांनी आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.
- प्रकार बदलत राहा. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळे तंतू लागतात. रोज एकच भाजी आणि गव्हाची पोळी यापेक्षा आठवडाभरात धान्ये, डाळी, भाज्या बदलणे चांगले.
- दही किंवा ताक जेवणात ठेवा. महागड्या बाटलीची गरज नाही.
- अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका. ‘हे खरेच लागणार आहे का?’ असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको.
- बाळाला पहिले सहा महिने शक्यतो फक्त आईचे दूध द्या.

शौचातून रक्त पडणे, कारण नसताना वजन उतरणे, जुलाबांबरोबर ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, ही लक्षणे ‘गट हेल्थ’च्या पावडरीची नाहीत. त्यासाठी विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.